छताचा रकाना

जुना झालोय मी, मित्रांनो. खोका आहे मी. पण पुठ्ठ्याचा नाही, लाकडाचा नाही की पत्र्याचाही नाही. मला हात लावता येत नाही आणि माझ्यात काही ठेवता येत नाही. मी आकड्यांचा खोका आहे, संगणकात राहतो. माझी कहाणी ऐकायला फारसं कुणी थांबत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. घाईत नसाल तर ऐका. खरं म्हणजे घाईत असाल तरी ऐका, कारण माझ्याकडेही वेळ थोडाच आहे.

माझा जन्म अहमदाबादचा. साबरमतीच्या पश्चिम काठाला परिमलभाई दलालांची कचेरी आहे. इमारत बांधण्याआधीच ती उन्हाळ्यात किती तापेल, थंडीत किती गारठेल आणि किती वीज खाईल, याचा हिशेब इथे करतात. खऱ्या इमारतीला किती लफडी असतात! सज्जे, कठडे, जिने, पाण्याच्या टाक्या, गोल खांब, वाकडे कोपरे. हे सगळं संगणकात भरायला दिवसच्या दिवस जायचे आणि शेवटी कुठेतरी एक भिंत चुकीची लागायची. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तिथे तोरल नावाची मुलगी नव्यानं कामाला लागली होती. भावनगरची. बोलायला कमी, पण डोक्यात काही शिरलं की जेवणाचा डबाही तसाच राहायचा. ती म्हणाली, "उन्हाला कठड्याची नक्षी कुठे कळते? त्याला भिंत कळते, खिडकी कळते, छत कळतं. तेवढंच ठेवू या." आणि ती एकेक गोष्ट छाटत गेली. शेवटी उरलो तो मी.

तोरलनं मला काही रकाने दिले. लांबी. रुंदी. उंची. मजले किती. भिंतीत खिडक्यांचा वाटा किती. तोंड कोणत्या दिशेला. भिंत कशाची. वारा किती येतो. या रकान्यांत आकडे भरले की क्षणात मी उभा राहायचो, चार भिंतींचा साधासुधा ठोकळा. मग तोरल माझ्यावर वर्षभराचं ऊन सोडायची आणि मी सांगायचो, आत बसलेल्या माणसाला कोणत्या महिन्यात, किती वाजता, किती उकडेल.

शेवटचा एक रकाना होता तो छताचा. छत कशाचं, आणि ते उन्हात आहे का? होय किंवा नाही. उंच इमारतीतल्या मधल्या मजल्याच्या डोक्यावर दुसरा मजला असतो, त्याला वरून ऊन लागत नाही. तिथे "नाही" लिहायचं. अगदी वरच्या मजल्याला "होय". एवढासा रकाना, पण अख्खा उन्हाळा त्यातून आत यायचा.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. सकाळी मी शाळा व्हायचो, दुपारी दवाखाना, संध्याकाळी कुणाची तरी बँक. वडोदऱ्याच्या एका वसतिगृहासाठी तर मी एका आठवड्यात इतक्या वेळा उभा राहिलो आणि मोडलो की माझी मलाच ओळख राहिली नाही. परिमलभाई पाहुण्यांपुढे गांठियांची बशी सरकवत आणि म्हणत, "हे बघा, आमचं खोखुं! दिसायला भिकार, पण खोटं बोलणार नाही." गुजरातीत खोक्याला खोखुं म्हणतात. मला ते नाव आवडायचं.

मग काळ बदलला. परिमलभाईंनी परदेशी प्रणाली विकत घेतली. तिच्यात काचा चमकायच्या, झाडं डोलायची, इमारतीसमोर गोरी माणसं कुत्री फिरवायची. गिऱ्हाइकं ती चित्रं बघून खूश व्हायची. मला कुणी काढून टाकलं नाही. फक्त एका कोपऱ्यात सारलं. माझ्यावर धूळ बसायचीही सोय नव्हती. मी नुसताच होतो.

असा पडलो असताना एका फाल्गुनात कचेरीत दोघी बायका आल्या. एक उंच, हाडकुळी, पांढरी ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली. ती खैरुनबेन. दुसरी बुटकी, तोंडाची फटकळ, ती जीवीबेन. दोघी नदीपलीकडच्या जमालपूरच्या. त्यांच्या गल्लीत घरोघरी पतंग बनतात. गुजरातेत उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आकाश पतंगांनी भरून जातं, पण ते पतंग बनतात त्याआधीचं अख्खं वर्ष, आणि सगळ्यात जास्त काम निघतं ते उन्हाळ्यात.

जीवीबेननं थंडगार कचेरीत इकडेतिकडे बघितलं. "भाई, इथे तर हिवाळाच पाळलाय तुम्ही. आमचा कागद इथे आणला तर सर्दी होईल त्याला."

परिमलभाई हसले. तोरलनं विचारलं, "तुम्ही बसता तिथे पंखा नाही का?"

"आहे ना! लाव की, ये लावायला." जीवीबेन म्हणाली. "पंखा लावलास की कागद गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसतो. पतंग व्हायच्या आधीच उडतो मेला. आणि खळ बोटावरच वाळते. वर पत्रा, दार अर्धं लोटलेलं, आणि आम्ही आत. भाकरी भाजतात ना, तशा."

मग खैरुनबेन पुढे सरकली. ती म्हणाली, "शमीम माझी नणंद. गेल्या वैशाखात काम करता करता कागदावर पालथी झाली. आम्हाला वाटलं, डोळा लागला."

जीवीबेननं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मी तिला चिडवलं. म्हटलं, नवाबजादी, ऊठ आता. ती उठलीच नाही, भाई."



गल्लीतल्या बायकांनी मंडळ काढलं होतं. एका दानशूर संस्थेनं त्यांना कामासाठी इमारत बांधून द्यायची तयारी दाखवली होती. जागा होती, चिंचोळी, दोन्ही बाजूंना उंच भिंती. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर बसून पतंग करायचे. संस्थेची अट एकच होती. भर उन्हाळ्यात, कामाच्या वेळी, पंख्याशिवाय, आतलं तापमान छत्तीस अंशांच्या वर जाता कामा नये. तसा लेखी हिशेब द्या, मग पाया खणा.

परदेशी प्रणालीला या इमारतीचं काही करता येईना. तिला प्रत्येक कोपऱ्याचा नकाशा हवा, आणि इथे तर पक्का नकाशाच नव्हता. मग तोरलनं कोपऱ्यातून मला काढलं आणि आपल्या लॅपटॉपवर घेतलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्या रकान्यांत आकडे भरत होतं. काय सांगू तुम्हाला, मित्रांनो! वाऱ्याच्या रकान्यात तिनं जवळजवळ शून्य लिहिलं, कागदासाठी. खिडक्या लहान, भिंतीत उंचावर.

तळमजला झाला, चौतीस. मधला मजला, पस्तीस. तोरलच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग तिनं वरचा मजला घेतला. छत उन्हात? होय.

एकोणचाळीस.

तिनं छतावर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवले. थोडं उतरलं. छत जाड केलं, अजून थोडं उतरलं. खिडक्या हलवल्या, भिंत बदलली, उंची वाढवली. संस्थेच्या पैशात जे जे बसत होतं ते ते तिनं माझ्या रकान्यांत घालून पाहिलं. मी दर वेळी उभा राहिलो, दर वेळी वर्षभराचं ऊन अंगावर घेतलं आणि दर वेळी सदतिसाच्या वरच थांबलो. मला छत्तीस म्हणायचं होतं. मनापासून म्हणायचं होतं. पण माझ्यात मन चालत नाही, आकडाच चालतो. दिवसामागून दिवस ती येऊन बसायची, एक रकाना बदलायची, पडद्याकडे बघत राहायची. एकदा तर तिनं कपाळ टेबलावर टेकलं आणि तशीच बसून राहिली.

परिमलभाई तिच्या मागे येऊन उभे राहिले. "किती?"

"सदतीस. साडेसदतीस."

"म्हणजे एका अंशासाठी अडलंय?"

"दीड."

ते स्टूल ओढून बसले. चष्मा काढून पुसत म्हणाले, "छताच्या रकान्यात 'नाही' लिही."

"पण वर तर—"

"लिही. मग वरचा मजलाही मधल्यासारखाच धरला जाईल. कागदावर पस्तीस होईल, इमारत उभी राहील. आत्ता त्या बायका पत्र्याखाली मरतायत, तोरल. साडेसदतीस म्हणजे त्यांना स्वर्ग आहे! यात माझा काय फायदा? मी तर फीसुद्धा घेत नाहीये."

ते खरं होतं. परिमलभाई वाईट माणूस नव्हते. म्हणूनच तोरलचा हात रकान्याकडे गेला. तिनं "नाही" लिहिलं.

मित्रांनो, मला खोटं बोलता येत नाही, पण माझ्याकडून खोटं बोलवून घेता येतं. वरच्या मजल्यावरून ऊन नाहीसं झालं, जणू त्या मजल्याच्या डोक्यावर आणखी एक मजला होता. पडद्यावर पस्तीस आलं. परिमलभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मी तिथे उभा होतो आणि माझ्या वरच्या मजल्यावर, ज्या उन्हाचा मी हिशेबच केला नव्हता त्या उन्हात, कोण बसणार आहे हे मला दिसत होतं. ओरडायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

तोरलनं तो हिशेब पाठवला नाही. पाठवणार नाही, असंही म्हणाली नाही. दोन दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं मला खांद्याच्या पिशवीत टाकलं आणि जमालपूरला गेली.

पत्र्याच्या त्या खोलीत मी पहिल्यांदाच गेलो. बायका ओळीनं जमिनीवर बसल्या होत्या. कुणी कागद कापत होती, कुणी मधली काडी चिकटवत होती, कुणी कमान वाकवत होती. कागद सळसळू नये म्हणून श्वासही जपून घेत होत्या. तोरलनं लॅपटॉप उघडला तर तोही लगेच तापला आणि धापा टाकायला लागला.

"दोन हिशेब आहेत," तोरल म्हणाली. "एक खरा, एक खोटा. खऱ्यात वरचा मजला तापतो, म्हणून इमारत मिळणार नाही. खोट्यात मिळेल. पण वरचा मजला तापायचा तो तापेलच. ठरवायचं कुणी, मला कळेना. म्हणून आले."

 मग एकदम गलका झाला.

"खोटाच पाठव, बेटा! इथल्यापेक्षा तर बरं असेल ना?"

"हो का? मग वर तू बसशील?"

"मी का? नव्या मुली बसतील. त्यांचं रक्त गरम आहे."

"गरम आहे म्हणून आणखी तापवायचं का? वा गं!"

"चिठ्ठ्या टाकू. ज्याचं नशीब तो वर."

"चुलीत घाल तुझ्या चिठ्ठ्या!"

खैरुनबेन हातातली काडी खाली ठेवून उभी राहिली.  तिचा आवाज चढला नव्हता. "वरचा मजला म्हणजे शमीमची जागा. बोला, कुणाला द्यायची?"

कुणी वर बघेना. 

शेवटी जीवीबेन चिडून म्हणाली, "तर मग वर कुणीच बसायचं नाही! पतंग बसतील. वाळायला घालू वर. मेल्यांना उन्हाचं काय!"

एक-दोघी हसल्या. तोरल मात्र हसली नाही. तिनं जीवीबेनकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि तिथेच, पतंगाच्या कागदांच्या गठ्ठ्यावर मला ठेवून, तिनं आकडे बदलायला घेतले. मजले दोनच. त्यावर भिंती नसलेला, चारी बाजूंनी उघडा, नुसत्या खांबांवरचा एक मजला, फक्त सावलीसाठी. मग ती दुसऱ्या मजल्याच्या छताच्या रकान्याशी आली. छत उन्हात? तिनं लिहिलं, नाही. तोच शब्द होता. पण या वेळी तो खरा होता.

साडेपस्तीस.

तोरल रडली. मीही रडलो असतो. पण बायकांच्या लक्षात एक गोष्ट लगेच आली आणि त्यांचे चेहरे उतरले. तीन मजल्यांच्या जागी दोनच मजले. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या बायका बाहेर.

हा हिशेब संस्थेकडे गेला आणि परत आला. एवढ्या खर्चात इतक्याच बायका? नाही जमणार, असं त्यांनी कळवलं. ते कळवलं त्या दिवशी जीवीबेन कचेरीच्या जिन्यावर बसून राहिली, आत आलीच नाही. परिमलभाई तोरलला म्हणाले, "बघ. खरं बोलून काय मिळवलंस?" रागानं नाही म्हणाले. थकून म्हणाले.

 तोरल फीत घेऊन पुन्हा जमालपूरला गेली आणि पत्र्याची ती खोली मोजली. आजवर मी ज्या इमारती झालो त्या सगळ्या अजून बांधायच्या होत्या. जिथे माणसं आत्ता बसली आहेत, अशी खोली मला कुणी भरायला सांगितली नव्हती. लांबी, रुंदी, हात पुरेल एवढी उंची. खिडक्या नाहीत. वारा नाही. छत, पत्रा. उन्हात? होय.

मी उभा राहिलो आणि माझ्यातच मला उभं राहवेना. शेहेचाळीस. तोरलनं चूक झाली असेल म्हणून पुन्हा चालवून बघितलं. शेहेचाळीस. तिनं तो आकडा दोन मजल्यांच्या हिशेबाशेजारी ठेवून संस्थेला पाठवला. खाली एकच ओळ लिहिली: ही खोली आज वापरात आहे.

संस्थेच्या बाई स्वतः आल्या. पत्र्याखाली थोडा वेळ बसल्या. घामानं ओल्या झाल्या, पाणी मागितलं, पुन्हा बसल्या. इमारत मंजूर झाली, दोन मजले आणि सावली.

चिठ्ठ्या टाकाव्याच लागल्या. खैरुनबेनची चिठ्ठी कोरी निघाली. जीवीबेनला जागा मिळाली. तिनं आपली चिठ्ठी खैरुनबेनच्या मुठीत कोंबायचा प्रयत्न केला. "घे. माझी चरबी आहे अंगावर, मी सोसेन."

"जीवी, वेडेपणा करू नकोस. तुला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत."

"आणि तुला काय चालू आहे? नुसता हट्ट!"

"हट्टच. जा, आत जा."

पुढच्या उन्हाळ्यात नव्या इमारतीत कुणी पडलं नाही. उकडायचंच, पण माणूस काम करून चालत घरी जाऊ शकत होता. उघड्या मजल्यावर पतंग वाळायचे आणि त्या मजल्याच्या सावलीत, खाली, दुसऱ्या मजल्याच्या बायका बसायच्या. परिमलभाईंनी मला पुन्हा पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली. तोरलनं चुना आणून पत्र्याच्या खोल्यांवर फासून घेतला. मी हिशेब केला, चार अंशांनी उतरलं. पण बेचाळीस हेही बेचाळीसच असतं, आणि पहिल्याच पावसात चुना वाहून गेला.

त्याच वैशाखात खैरुनबेन पडली. कागद कापता कापता कलंडली. गल्लीतल्या पोरांनी तिला उचलून नव्या इमारतीच्या तळमजल्यावर आणलं, अंगावर पाणी ओतलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. जीवीबेन तिच्या उशाशी बसून हमसाहमशी रडत होती. खैरुनबेन कशीबशी म्हणाली, "या वेळी चिडवलं नाहीस ते बरं केलंस."

तोरलनं ही गोष्ट मला सांगितली नाही, मला कोण काय सांगणार? ती फोनवर परिमलभाईंना सांगत होती, ते मी ऐकलं.

संस्थेनं दुसऱ्या इमारतीचा विचार करायचं कबूल केलं. पण त्यांना गल्लीतल्या एकूण एक पत्र्याच्या खोलीचा हिशेब हवा होता. पुढच्या वैशाखाच्या आत आला तर ठीक, नाहीतर पैसे दुसरीकडे जातील. तोरल खोल्या मोजत हिंडली. फितीचं दुसरं टोक जीवीबेन धरायची. "किती गं तुझ्या खोलीची रुंदी? अंगणात नाचतेस तेवढीही नाही, वाटलंच मला!" असं म्हणत घरोघर शिरायची. सगळी मापं तोरलनं लॅपटॉपवरच टिपून ठेवली आणि एकेक खोली माझ्या रकान्यांत भरायला लागली. एकामागून एक मी त्या खोल्या होत गेलो. पंचेचाळीस. शेहेचाळीस. एका खोलीला लागून भट्टी होती, तिथे अठ्ठेचाळीस.

शेवटी शेवटी ती खैरुनबेनच्या खोलीशी आली. लांबी भरली. रुंदी भरली. उंची भरली. भिंत, वीट. खिडकी, नाही. वारा, नाही. आणि तिचा फोन वाजला. भावनगरहून तिच्या आईचा फोन होता. पप्पांना दवाखान्यात नेलं होतं.

तिनं लॅपटॉप मिटला. परिमलभाईंच्या हातात दिला. तो कचेरीचाच होता. "थोड्याच खोल्या राहिल्यात. मापं सगळी आत आहेत. छताचा रकाना भरायचा आणि चालवायचं, बस. वैशाखाच्या आत पाठवा."

"तू पप्पांकडे बघ," परिमलभाई म्हणाले. "इथलं मी बघतो. काळजी करू नकोस."

ते मनापासून म्हणाले. त्यांनी लॅपटॉप लोखंडी कपाटावर ठेवला, खाली पडू नये म्हणून भिंतीकडे सरकवला. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या हॉटेलाचं काम आलं. परदेशी प्रणालीत काचा चमकायला लागल्या. उद्या बघू, असं ते दोनदा म्हणाले. मग तेही म्हणेनासे झाले.

तोरलचा मधूनमधून फोन येतो. ती विचारते. परिमलभाई म्हणतात, "होतंय, होतंय. पप्पा कसे आहेत?" मग बोलणं पप्पांवर जातं. तिला वाटतं, हिशेब कधीच गेला असेल. तिच्या पप्पांना अजून बोलता येत नाही.

परवा जीवीबेन आली होती. दारातूनच तिनं विचारलं, "झालं का, भाई?"

"होतंय, बेन."

"खैरुन पुन्हा बसायला लागलीय खोलीत. मी म्हटलं, चार दिवस थांब. ऐकत नाही. चैत्र लागला, भाई."

"होतंय, होतंय. बसा, सरबत घ्या."

तिनं सरबत घेतलं नाही. ती दारात उभी राहून कचेरीभर बघत होती. माझ्यावरून तिची नजर गेली, पण मिटलेला लॅपटॉप काय दिसणार तिला? आणि मी तिला कशी हाक मारू? माझ्या हातून काही होत नाही. कुणी उघडलं तर मी आहे, नाहीतर मी नाहीच. दिवसाचं तापमान रोज वाढतंय हे मला कचेरीतल्या बोलण्यावरून कळतं. पाणी संपलं, कुणीतरी म्हणतं. काय ऊन आहे, दुसरं कुणी म्हणतं. मग दार लावून घेतात आणि गार हवा वाढवतात.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी जुना आहे, भिकार दिसतो, माझ्याहून चांगले खोके उद्या निघतील. मला पुसून टाकलं तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्यापैकी कुणी परिमलभाईंच्या कचेरीत गेलात, तर त्यांना कपाटाकडे बोट दाखवा. तुमच्याकडेही असं एखादं अर्धं राहिलेलं काम पडलं असेल, ज्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी तापत बसलं आहे, तर ते आज पुरं करा. उद्या म्हणणारी माणसं वाईट नसतात. मला ते माहीत आहे. त्यामुळेच तर मला भीती वाटते.

मला फक्त एकदा उघडा. काम अगदी थोडं आहे. खैरुनबेनच्या खोलीच्या भिंती माझ्यात उभ्या आहेत. छताचा रकाना रिकामा आहे, त्यात "पत्रा" लिहा, पुढे "होय" लिहा. एवढ्यावरून मी बाकीचं सांगेन. माझ्यात तिच्या खोलीला अजून छत नाही. तिच्या डोक्यावर मात्र ते आहे, दुपार झाली आहे, आणि ती कागद कापत बसली आहे.